‘बायबलमध्ये बघ’ : आईचं पवित्र शास्त्र बाइंडिंगला दिलं त्याची हकिकत

दुकानाला पाटी नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुण्यात अप्पा बळवंत चौकातून आत वळलं की गाइडांची आणि वह्यांची दुकानं संपतात तिथे एका जुन्या वाड्याचा बोळ आहे. त्या बोळात जिन्याखाली, जेमतेम दोन माणसं पाय दुमडून बसतील एवढ्या जागेत, सत्तरीचे एक काका आणि त्यांचा पुतण्या पुस्तकं बांधतात. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका बाईंनी ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकाच्या जुन्या प्रती तिथून बांधून आणल्या होत्या, त्यांनी मला पाठवलं. दुकानाचा आणखी काही पत्ता देत नाही, कारण काकांनीच सांगितलं, “लिहा बिनधास्त, पण नाव टाकू नका. आहे तेच काम उरकत नाही.”

मी नेलं होतं ते आईचं बायबल. काळ्या पुठ्ठ्याचं, बायबल सोसायटीचं मराठी पवित्र शास्त्र. १९६३ साली आई-पप्पांच्या लग्नात नगरच्या मंडळीने दिलेलं. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडून नगरच निघतं.) पिशवीतून पुस्तक बाहेर काढताच काकांनी विचारलं, “रमाबाईंचं का?” पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर त्या गेल्यावर, १९२४ साली, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापून निघालं. त्याची एक प्रत पूर्वी काकांच्या हातून गेली होती. म्हटलं, नाही हो, आपलं साधंच. तसंच नवं हवं असेल तर बांधणीच्या खर्चापेक्षा कमी पैशांत मिळतं, हेही मला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर रोजचा उतारा मी मोबाइलवर वाचते, अक्षर मोठं करून. चाळिशी आता साठीकडे झुकली आहे.

पुस्तकाची दशा अशी : पाठ उभी फाटलेली, वरचा पुठ्ठा एका धाग्यावर लोंबणारा, उत्पत्तीची पहिली पानं सुटी, शेवटच्या पानाला पिवळी पडलेली सेलोटेप, आणि सगळ्याला मिळून एक रबरबँड. सेलोटेप कुणी लावली म्हणून काकांनी विचारलं. मी लावली होती. सांगितलं नाही.

त्याआधी घराजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे विचारून झालं होतं. तो म्हणाला, “मॅडम, पाठ मशीनवर कापतो, गोंद मारतो, वर कव्हर. दीडशे रुपये, अर्ध्या तासात.” मी हो म्हणणारच होते. नशिबाने त्याचं मशीन बंद होतं. नंतर काकांनी समजावलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. बायबलचा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. तो छापल्यावर घड्या घालून फर्मे करतात आणि फर्मे एकमेकांना शिवतात, त्याला जुजबंदी म्हणतात. पाठ कापली की फर्मा संपला, प्रत्येक पान सुटं झालं. मग ते पान फक्त गोंदाच्या भरवशावर राहतं, पुस्तक सपाट उघडत नाही, आतला समास खाल्ला जातो आणि दोन वर्षांत पानं पत्त्यांसारखी हातात येतात. कुणाला असा सल्ला मिळाला असेल तर तिथून निघून या.

पण काकांनी पुस्तक लगेच घेतलं नाही. हातात तोललं आणि म्हणाले, “ताई, ह्याची पाठ वाचून नाही फुटली. कोंबून फुटली. आधी रिकामं करा.”

इथे आमच्या घराबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्या घरी कुठलाही कागद हरवला की आईचं उत्तर एकच असायचं : बायबलमध्ये बघ. रेशनकार्ड? बायबलमध्ये बघ. गॅसचा नंबर? बायबलमध्ये बघ. शेजारच्या देशपांडे काकूंना वाटायचं, केवढी भाविक बाई, पोरांना सारखं शास्त्र वाचायला सांगते! आईचं बायबल म्हणजे आमच्या घरचं टपालखातं, बँक आणि कचेरी. पप्पांचं बायबल वेगळं होतं, स्वच्छ, लाल पेन्सिलीने रेघा मारलेलं. कौटुंबिक प्रार्थनेला वाचायचे ते पप्पा. आई तेव्हा दारात उभी असायची, हात पदराला पुसत, अर्धं लक्ष कुकरकडे. पप्पा मान वर न करता म्हणायचे, “मार्था, मार्था...” लूकच्या दहाव्या अध्यायातली ती मार्था, जी पाहुणचाराच्या धांदलीत असते आणि तिची बहीण मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते. एकाच गोष्टीचं अगत्य आहे, असं प्रभू तिला सांगतो. आईने यावर उलट उत्तर कधी दिलं नाही. कुकर मात्र वेळेवर उतरवला.

तर त्या बोळात, मला दिलेल्या उलट्या खोक्यावर बसून, मी दीड तास बायबल रिकामं केलं. काका मध्येमध्ये चहाचा कप पुढे सरकवत होते. निघालं काय काय ते लिहिते, कारण तुमच्याही घरी असं पुस्तक असेल. एसटीची तिकिटं, गठ्ठ्याने. पप्पा नगर आगारात कारकून होते, आणि एसटीची पहिली गाडी पुणे-नगर रस्त्यावर १ जून १९४८ ला धावली हे त्यांनी सांगितलं नाही असा पाहुणा आमच्या घरातून परत गेला नाही. माझ्या सातवीचं प्रगतिपुस्तक, गणितात नापास, जे हरवलं असं मी घरात सांगितलं होतं. म्हणजे आईला ते सापडलं होतं. झावळ्यांच्या रविवारचे (पाम संडेचे) वाळलेले क्रूस, चार. नाताळच्या करंज्यांचा हिशेब : रवा, खोबरं, तूप, आणि कुणाकडे किती द्यायच्या त्याची यादी. ब्लाउजचं माप. पप्पांचे रक्ताचे रिपोर्ट. वर्तमानपत्रातून कापलेल्या मृत्यूच्या बातम्या. नव्वद सालच्या सुमाराचा गहू-तांदळाचा हिशेब. केसांची पिन, गंजून तिचा आकार स्तोत्रसंहितेत छापला गेलेला. दहाची एक नोट. काकांनी सगळा ढीग शेजारच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवून आणला : सव्वातीनशे ग्रॅम. “एवढं ओझं पाठीवर घेऊन साठ वर्षं,” ते पुस्तकाकडे बघून म्हणाले. मी उगाच आईचं धरून बसले.

यशयाच्या पुस्तकाजवळ एक जाड पुडकं होतं. विजेची बिलं, बावीस, रबराने बांधलेली. ती पाहिली आणि मला हसू फुटलं ते आवरेना. २०२२ साली आई गेली तेव्हा पाळकसाहेबांनी तिचं हेच बायबल हातात घेतलं होतं. पुस्तक आपोआप उघडलं ते यशयाच्या चाळिसाव्या अध्यायावर, जिथे देव म्हणतो, माझ्या लोकांचं सांत्वन करा. साहेब गहिवरले. “पाहा, बाईंनी हे पान किती वेळा उघडलं असेल!” त्यावर त्यांनी पंचवीस मिनिटं सुंदर संदेश दिला, आम्ही सगळे रडलो, आणि पुढे तिच्या थडग्याच्या दगडावरही मी तेच वचन कोरून घेतलं. उघडत होतं ते लाइट बिलांमुळे.

काकांना मी हे सांगितलं नाही. पण मनातून जरा खट्टू झाले. म्हणजे आई कुठलं पान उघडायची, की उघडतच नव्हती?

बिलं मी तिथेच रद्दीत टाका म्हणून दिली. बाकीचं पिशवीत भरलं.

मग पुतण्याने विचारलं, “कडा मारून देऊ ना? पांढरीशुभ्र होईल.” म्हणजे बांधून झाल्यावर तिन्ही बाजूंनी कटिंग मशीनखाली दोन-तीन मिलिमीटर कापायचं, म्हणजे मळकी कड जाते आणि पुस्तक नव्यासारखं दिसतं. मी म्हटलं, हो, द्या मारून. मळकटच होती ती. काका म्हणाले, “थांब.” त्यांनी पुस्तक मिटलं, उजेडाकडे धरलं आणि पानांची कड अंगठ्याने किंचित तिरकी केली. “हे बघा ताई. पुस्तक उघडतं कुठे ते बघू नका. कागद कुणीही ठेवतं, पुस्तक तिथे उघडतं. बोट कुठे लागलंय ते बघा.” मिटलेल्या कडेवर मधोमध एक काळपट पट्टा होता, बोटभर रुंद. बाकी कड पिवळी, पण एकसारखी. त्यांनी त्यांच्याकडे पडलेलं एक गुरुचरित्र काढून तसंच दाखवलं. चौदावा आणि अठरावा अध्याय जिथे येतात तिथे कड काळी, मध्ये जवळजवळ कोरी. “लोक सांगतात आम्ही सगळी पोथी वाचतो. कड खोटं बोलत नाही.” चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस. पोथी असो, शब्दकोश असो, पाककृतीचं पुस्तक असो, कुणी काय वाचलं ते त्याला न उघडता कळतं.

मधला पट्टा स्तोत्रांचा. ते काही विशेष नाही. स्तोत्रं दीडशे, आणि आपल्या लोकांत दुखणं असो, प्रवास असो, परीक्षा असो, आधी स्तोत्रच उघडतात. पण मागच्या बाजूला, नव्या करारात, आणखी एक पट्टा होता. सुतळीएवढा बारीक आणि काळा नाही, पिवळा. काकांनी तिथे नख घालून उघडलं, पान नाकाजवळ नेलं, मग नुसते म्हणाले, “हळद.”

मला वाटलं लूकचा दहावा अध्याय असणार. मार्था-मरीया. पप्पांच्या टोमण्यावर तिने गुपचूप काहीतरी शोधलं असणार. पण तो पंधरावा होता. खालच्या कोपऱ्यावर अंगठ्याचे ठसे एकावर एक, इतके की कागद तिथे मऊ, फडक्यासारखा झाला होता. म्हणजे ओट्यापाशी उभी राहून वाचत होती. फोडणी आणि वरण यांच्या मधल्या वेळात.

“काय आहे तिथे?” काकांनी विचारलं. मी सांगितलं. एका बाईकडे दहा नाणी असतात, एक हरवतं. ती दिवा लावते, घर झाडते आणि सापडेपर्यंत शोधते. तीन ओव्यांएवढाच मजकूर आहे.

“सापडतं?”

“सापडतं. मग शेजारणींना बोलावते, माझ्यासोबत आनंद करा म्हणते.”

“म्हणजे चहा-पाणी आलं,” काका म्हणाले. “नाण्यापेक्षा जास्त गेले असणार.”

पुतण्याही हसला. मी त्यांना पुढचं सांगितलं नाही. त्या नाण्याच्या आधी हरवलेल्या मेंढराची गोष्ट आहे आणि नंतर लगेच हरवलेल्या मुलाची, आणि आईच्या प्रतीत या तिन्ही गोष्टी समोरासमोरच्या दोन पानांवर येतात. अंगठा कोपऱ्याला होता, डोळे कुठल्या ओळीवर होते ते कड सांगत नाही. माझा मोठा भाऊ १९८३ मध्ये पप्पांशी भांडून घरातून गेला. सुरतेला कापडाच्या मिलमध्ये होता, हे आम्हाला फार नंतर कळलं. चार वर्षं घरात त्याचं नाव निघालं नाही. पप्पा प्रार्थना करायचे, सगळ्यांसाठी, देशासाठी, पंतप्रधानांसाठी. दादाचं नाव त्यात नसायचं. आणि मला त्या वर्षांतली आई आठवते ती सतत झाडताना. भर दुपारी माळ्यावरचे डबे खाली काढायची, पुसायची, परत ठेवायची. मी तेव्हा कॉलेजात, मला तिचा राग यायचा. पोरगा गेला आणि हिला डब्यांचं पडलंय. त्या ढिगात दादाचं एकही पत्र नव्हतं, फोटो नव्हता. बाकी अख्खं घर त्या पुस्तकात होतं.

कडा मारू नका म्हणून सांगितलं. पावतीवर काकांनी मोठ्या अक्षरात लिहून घेतलं : कटिंग नाही.

आता कामाबद्दल.

शिवण उत्तम. जुनी पाठ त्यांनी खळ लावून ओली केली, वाळलेला गोंद मऊ करून खरवडला आणि सगळे फर्मे सुटे केले. घडीवर फाटलेल्या पानांना पातळ टिश्यू कागदाच्या पट्ट्या लावल्या. अक्षरं त्यातून वाचता येतात. मग मेण लावलेल्या दोऱ्याने हाताने जुजबंदी, पाठीवर जाळीचं कापड, त्यावर कागदाचं अस्तर, हातोडीने हलकी ठोकून पाठीला गोलाई आणि दोन दिवस दाबात. खळ मैद्याची, त्यात मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. (खळीचं भांडं निळसर दिसतं, पण बोट घालून बघू नका, ते विष आहे.) पुस्तक आता कुठेही उघडा, हात न लावता सपाट पडून राहतं. माझी सेलोटेपही त्यांनी काढली, डाग मात्र राहिला आहे. तो काही जाणार नाही म्हणाले.

वेळेच्या बाबतीत काठावर पास. बारा दिवस सांगितले, सव्वीस लागले. फोन उचलत नाहीत. पुतण्या उचलतो आणि “काका जेवायला गेलेत” म्हणतो, सकाळी साडेदहालासुद्धा. दोन हेलपाटे फुकट गेले.

सोनेरी अक्षरांना मी निम्मेच गुण देईन. पाठीवर ‘पवित्र शास्त्र’ हवं होतं, आलं ‘पवित्र शास्र’. त मधला पडला. मी दाखवल्यावर निमूट दुरुस्त करून दिलं, पण उन्हात तिरकं धरलं की जुन्या अक्षराची सावली खाली दिसते. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छापतात, तेव्हा कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून द्या आणि दाबायच्या आधी एकदा बघून घ्या.

आणि एक चूक झाली ती मला अजून खुपते. पुढच्या कोऱ्या पानावर आमच्या घरची नोंद होती : लग्न, जन्म, बाप्तिस्मे, मृत्यू, आजोबांच्या वळणदार अक्षरापासून माझ्या गिचमिडीपर्यंत. ते पान काकांनी जपून नव्या अस्तराच्या कागदावर चिकटवलं, ते छानच केलं. पण चिकटवण्यापूर्वी फाटकी कड सरळ करताना कैची जरा आत गेली आणि माझ्या बाप्तिस्म्याच्या सालातला शेवटचा आकडा गेला. आता तिथे नुसतं ‘१९६’ आहे. काकांना वाईट वाटलं. पन्नास रुपये कमी करू का म्हणाले. मी नको म्हटलं. सातचा आकडा पेनने घालावा असं आठवड्यातून एकदा वाटतं, अजून घातलेला नाही.

एकूण खर्च बाराशे रुपये, चारशे आगाऊ. काळं रेक्झिन यात आलं. चामड्याला याच्या दुप्पट सांगितले. फक्त रोख घेतात. गुरुवारी बंद. पुस्तक परत देताना काकांनी एक लाल फीत शिवून दिली आणि दम भरला, “खुणेला ही. दुसरं काही ठेवायचं नाही. एक चिठ्ठीसुद्धा नाही.” दर्शनी पुस्तक हवं असणाऱ्यांनी, लग्नात भेट द्यायला गुळगुळीत काहीतरी हवं असणाऱ्यांनी तिथे जाऊ नये. घरचं वापरातलं पुस्तक असेल, मग ते बायबल असो, पोथी असो की आजीची लोणच्याची वही, तर महिनाभर धीर धरायची तयारी ठेवून जा. आणि जाण्याआधी घरीच रिकामं करा, नाहीतर दीड तास खोक्यावर बसावं लागेल. तसं म्हणाल तर त्या दीड तासाचे त्यांनी पैसे लावले नाहीत, आणि चहा तीनदा आला.

पुस्तक आणून पंधरा दिवस झाले तेव्हा नगरहून दादाचा फोन आला. तो आता आईच्याच घरात राहतो. घराचं मीटर अजून आईच्या नावावर आहे, ते स्वतःच्या नावावर करायला निघालाय. ऑफिसात एखादं जुनं बिल मागितलंय.

“ती आई जपून ठेवायची बघ, रबर लावून. तुझ्याकडे आलीत का?”

मला घाम फुटला. लगेच पुतण्याला फोन लावला. काका जेवायला गेले होते, दुपारचे चार वाजले होते. रद्दी त्याच आठवड्यात गेली, तो म्हणाला. मग थोडा थांबून, “पण तीन-चार बिलं राहिलीत, मॅडम. कागद मजबूत होता म्हणून काकांनी पाठीच्या अस्तराला वापरली. तुमच्याच पुस्तकाच्या. काढायची म्हणाल तर सगळी बांधणी परत सोडावी लागेल.”

दादाला परत फोन केला. त्याने पहिल्या रिंगला उचलला.

“सापडलं का?”

“सापडलं,” मी म्हटलं. “बायबलमध्ये आहे.”